जेवलाच नाही तर शुगर 480 कशी? भाच्याला डीकेए (इन्सुलिन कमी पडून रक्त आंबट होणं) झालं, कोणी समजावून सांगा

मानेवाडा_मामा:
भाचा 17 वर्षांचा, टाइप वन डायबिटीस, चार वर्षांपासून इन्सुलिनवर. मागच्या आठवड्यात भर उन्हात गाडीवर क्लासला गेला, संध्याकाळपासून उलट्या अन् पोटदुखी. ताईला वाटलं ऊन लागलं, कैरीचं पन्हं पाजून राहिली अन् पोट्टा जेवत नाही तर शुगर लो होईन म्हणून इन्सुलिन दोन वेळा दिलंच नाही. सकाळी पाहतो तर धाप लागल्यासारखे खोल खोल श्वास, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास. आता आयसीयूत आहे, बरा आहे. पण पोटात अन्नाचा कण नाही तर शुगर वाढली काऊन? अन् 480 ची 200 वर आली तर वरून ग्लुकोजचंच सलाईन लावलं, हे तर डोक्यावरूनच गेलं.

पोट्टीची_आई:
भाऊ, शुगर फक्त पोळीभातातून नाही येत, लिव्हरही बनवते, आजारपणात तर जास्तच. इन्सुलिन नसलं की ती पेशीत जात नाही, रक्तातच फिरते, मग शरीर चरबी जाळायला घेते, त्यातून कीटोन नावाचे ॲसिड बनतात अन् रक्त आंबट होतं. तो श्वास म्हणजे शरीर ॲसिड बाहेर फेकून राहिलं होतं. आमच्या पोरीचं तर निदानच असं झालं, महिनाभर घटाघटा पाणी, रात्री अंथरूण ओलं, आम्ही म्हणून राहिलो उन्हाळा आहे बाप्पा. टाइप वनमध्ये जेवण बंद झालं तरी लाँग ॲक्टिंग (हळूहळू दिवसभर काम करणारं) इन्सुलिन बंद नाही करायचं, डोस किती ते डॉक्टरला फोन करून विचारायचं. अन् एक विचारू का, क्लासला जाताना इन्सुलिनचं पेन कुठे ठेवतो तो? गरमीत इन्सुलिन खराब होतं.

नाइट_ड्युटी_सिस्टर:
ग्लुकोजचं सांगते. शुगर लवकर उतरते, कीटोन उशिरा. कीटोन जाईपर्यंत इन्सुलिनची ड्रिप बंद नाही करता येत, म्हणून शुगर लो होऊ नये यासाठी ग्लुकोज. सुरुवातीला साधं सलाईन भरपूर जातं कारण लघवीवाटे पाणी निघून पेशंट कोरडा पडलेला असतो. पोटॅशियमही सारखं तपासतो, इन्सुलिनने ते झपाट्यानं खाली येतं अन् हृदयाचे ठोके बिघडू शकतात. घरी लघवीच्या कीटोन पट्ट्या ठेवा जी, मेडिकलमध्ये मिळतात. शुगर 250 च्या वर अन् उलट्या असल्या की तपासायचं, कीटोन दिसले की दवाखान्यात निघायचंच, पन्हं नंतर.

तर्री_पोहा_62:
टाइप टू वाल्यांनीही वाचा. मी डापाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे शुगर काढणारी गोळी) घेतो, नवरात्रात कडक उपास धरले, मळमळ सुरू झाली, शुगर फक्त 190 म्हणून दोन दिवस घरीच बसलो. निघालं डीकेएच. या गोळीत शुगर फार न वाढताही होते म्हणे, आता उपासाच्या आधी डॉक्टरला विचारतो. बायको तर उपासच धरू देत नाही, ते वेगळं.

मानेवाडा_मामा:
सगळ्यांचे आभार. ताईला वाचून दाखवलं. पेनचं आत्ताच भाच्याला विचारलं. गाडीच्या डिकीत. पूर्ण मे महिना.