भाकरी थापताना मधेच तुटतेय, पीठ बदलू की हात बदलू?

बार्शीकर_बंगळुरात:
नमस्कार मंडळी. मी मूळचा बार्शीचा, गेली ११ वर्षं बंगळुरात. दिवाळीनंतर आईबाबा इकडे राहायला आलेत आणि गेल्या आठवड्यात आई बाथरूममध्ये घसरली, उजवं मनगट मोडलं, प्लास्टर घातलंय, दीड महिना त्या हाताने काही करायचं नाही. दुखणं आता आटोक्यात आहे, तो विषय नाही. विषय बाबांचा आहे. वय ७६, दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरी लागते. चपाती वाढली तर खातात, कुरकुर अजिबात नाही, पण हात धुता धुता "चला, न्याहारी झाली" म्हणतात, आणि हे रात्री साडेआठला.

बायको चिपळूणची. तांदळाची भाकरी झोपेत पण करेल, पण ज्वारीला दोन दिवस हात लावून सोडून दिलं आणि म्हणाली तुझे बाबा, तुझी ज्वारी, तूच बघ. बरोबरच आहे तिचं. तर चार दिवस झाले मी करतोय. आई स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसते, हात गळ्यात अडकवलेला, आणि तिथनं सूचना. सूचना पण कशा, तर "पाणी बेतानं घाल". बेतानं म्हणजे किती? "लागंल तेवढं." किती लागेल? "पीठच सांगतंय की." मला अजून काही सांगितलेलं नाही पिठाने.

होतंय असं की उंडा छान गोल होतो, थापायला घेतला की तळहाताएवढा होईपर्यंत ठीक, त्याच्यापुढे कडेला चिरा पडायला लागतात, एक बोटाने दाबून बुजवतो तोवर समोरच्या बाजूला दुसरी. मग उचलली की मधोमध तुटून अर्धी हातात अर्धी परातीत. काल एक कशीबशी तव्यापर्यंत पोचली तर ती फुगली नाहीच, वरून उन्हाळ्यातल्या तळ्यासारखी भेगाळली. बाबांनी ती दुधात कुस्करून खाल्ली आणि काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पीठ सुपरमार्केटमधलं पाकिटातलं आहे, पाणी साधं नळाचं, तवा नॉनस्टिक. काय चुकतंय? यूट्यूब बघून झालंय, तिथे सगळ्यांचीच फुगते.

दोन_पायली:
पाकिटावरची तारीख बघ आधी, बाकी सगळं नंतर. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे चिकटपणा, जाते त्याची, मग तू थाप नाहीतर तुझ्या आईने थापू दे, तुटणारच. गव्हात ग्लुटेन असतं म्हणून कणीक ताणली तरी धरून राहते, ज्वारीत ते नसतंच, तिचं सगळं ताजेपणावर आहे. आम्ही मंगळवेढ्याकडचे, आमच्याकडं पंधरा दिवसांच्या वरचं पीठ डब्यात दिसलं तर आजी ते गुरांच्या आंबोणात घालायची.

आणि ज्वारी कुठली तेही बघ. मालदांडी मिळाली तर बाकी काही बघू नको. ती रब्बीची, पाऊस सरत आला की काळ्या रानात पेरतात आणि नुसत्या जमिनीतल्या ओलीवर येते, दाणा टपोरा, पांढरा. खरिपातली हायब्रीड काढणीला पावसात सापडली की दाणा काळा पडतो, तिची भाकरी पण तशीच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे हे सांगायची संधी मी सोडत नाही, तर ते पण सांगून ठेवतो. पाकिटात कुठली असते ते भरणाऱ्यालाच माहीत.

गरमपाणी_जिंदाबाद:
उकळतं पाणी घाल, विषय संपला. मी पुण्यात होस्टेल सुटल्यावर एकट्याने राहायला लागलो तेव्हा शिकलो. परातीत पीठ घे, मधे आळं कर, त्यात उकळतं पाणी ओत, हाताने नाही चमच्याच्या दांड्याने कालव, झाकण ठेव पाच मिनिटं. मग हात ओला करून मळ. वाटीभर पिठाला पाऊण वाटी पाणी आणि वर मळताना हाताला लागेल ते. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो, जे काम गव्हात ग्लुटेन करतं ते इथे तो करतो. साध्या नळाच्या पाण्यात पाकिटातलं पीठ म्हणजे ओली वाळू थापतोयस तू.

दोन_पायली:
उकळतं पाणी हा जुन्या पिठावरचा उपाय आहे हो. ताज्या मालदांडीला कोमट पण लागत नाही, आमच्याकडं माठातलं पाणी घेऊन बायका थापतात आणि वावभर भाकरी होते. वाव म्हणजे जरा जास्त झालं, पण परातीच्या काठाला लागते हे डोळ्यानं बघितलंय.

गरमपाणी_जिंदाबाद:
त्या बायका चाळीस वर्षं थापतायत. हा चार दिवस.

दोन_पायली:
हे मात्र खरंय. घाल बाबा गरम.

केळीबाग_जळगाव:
शिकतोय तर आमची कळण्याची भाकरी करून बघ ना भाऊ. ज्वारीत उडीद टाकून दळायचं, आमच्याकडे साधारण पायलीला एक शेर, म्हणजे चाराला एक, टाकतात, थोडं मीठ पण टाकतात दळतानाच. उडदाने पिठाला असा चिकटपणा येतो की नवशिक्याची पण तुटत नाही. सोबत ठेचा आणि कच्चं तेल. बाबा पहिल्या घासाला ओळखतील की ही आपली नाही, पण तुटणार नाही याची गॅरंटी.

जिमनंतर_जेवण:
एवढं टेन्शन कशाला, प्लास्टिकचे दोन कागद घ्या, मधे गोळा ठेवा, लाटण्याने लाटा, तव्यावर टाका. दोन मिनिटांत होते. आम्ही २०२३ पासून, ते मिलेटचं वर्ष होतं तेव्हापासून, असंच करतो.

दोन_पायली:
ती भाकरी नाही, ज्वारीचा पासपोर्ट आहे.

चुलीपासून_गॅसपर्यंत:
अरे भांडू नका, त्याला तव्याचं कुणी सांगितलंच नाही. त्याच्या निम्म्या चुका तव्यावर आहेत. (मी ६४ वर्षांची, लातूरकडची, मला काकू म्हटलंत तरी चालेल.)

ऐक बाळा. पहिली गोष्ट, सगळं पीठ एकदम मळून ठेवतोस का? मला वाटतं ठेवत असणार, चपातीची सवय. कणीक मुरायला ठेवतात, भाकरीचं पीठ मुरवायचं नसतं. एका भाकरीपुरतं घ्यायचं, तळहाताच्या टाचेने रगडायचं, पुढे ढकलायचं परत गोळा करायचं, असं दोन मिनिटं तरी. रगडून रगडून पीठ हाताला लोण्यासारखं लागलं पाहिजे. आई "पीठ सांगतं" म्हणते ते हेच रे. उंडा करून मधे अंगठा दाबून बघ, कडेला चीर पडली तर अजून पाण्याचा हात लाव आणि परत रगड, तसाच थापायला घेऊ नको. उंड्यात असलेली चीर भाकरीत दहापट होते.

परातीत खाली कोरडं पीठ पसर, हात आखडता घेऊ नको. थापताना बोटांनी नाही, बोटांच्या मुळाशी जो मांसल भाग आहे त्याने, आणि भाकरी आपोआप फिरली पाहिजे. फिरत नसेल तर खालचं पीठ संपलंय. तिथेच चिकटते आणि उचलताना तुटते तुझी. मधे जाड कडेला पातळ अशी झाली तरी तुटते.

आता तवा. नॉनस्टिक बाजूला ठेव, लोखंडी नाहीतर बिडाचा आण. पाण्याचा थेंब टाकला तर नाचला पाहिजे एवढा तापव. भाकरी टाकताना परातीतली पिठाची बाजू वर आली पाहिजे, आणि टाकल्या टाकल्या लगेच त्या पिठावर पाण्याचा हात फिरव, कडेपर्यंत सगळीकडे. हाताला चटका बसत असेल तर स्वच्छ फडक्याचा बोळा घे, त्यात लाज नाही. मग तिथेच उभा राहा, मोबाइल बघू नको. पाणी सुकत आलं पण अजून किंचित ओलसर चमक आहे, त्या क्षणाला उलथायची. आधी उलथलीस तर तव्याला चिकटते, पूर्ण वाळू दिलीस तर तुझ्या त्या तळ्यासारख्या भेगा पडतात. भेगातून वाफ निघून गेली की फुगणार कशी? उलथल्यावर ती बाजू निवांत भाजू दे, डाग पडेपर्यंत. मग तवा उतरवून पहिली बाजू जाळावर धर. फुगली तर टम्म फुगते, नाही फुगली तर कडेने फडक्याने हलकं दाब.

बार्शीकर_बंगळुरात:
काकू, तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात कॅमेरा लावलाय का? सगळं पीठ एकदम मळून वर ओलं फडकं टाकून ठेवत होतो. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली "मी हेच सांगत होते की तुला". आई, तू "बेतानं" सांगत होतीस.

आणि दोन_पायली, पाकीट बघितलं. दळल्याला साडेचार महिने झालेत. गिरणी शोधावी लागणार. इथे आमच्या लेआउटमध्ये कॉफीची आठ दुकानं आहेत, गिरणी एक नाही.

मल्लेश्वरम_मराठी:
बंगळुरात राहून ज्वारीच्या पिठासाठी रडणारा पहिलाच माणूस बघितला. अरे अर्धं उत्तर कर्नाटक इथे नोकरीला आहे आणि ते रोज जोळद रोट्टी खातात. जवळपास उत्तर कर्नाटकी खानावळ शोध, प्रत्येक भागात एखादी असतेच, बाहेरून रोट्टी थापल्याचा थाप थाप आवाज येतो त्यावरून ओळखायची. गल्ल्यावर बसलेल्याला विचार ज्वारी कुठून आणता, दळता कुठे. पिठाला जोळद हिट्टु म्हणायचं, पांढऱ्या ज्वारीला बिळी जोळ. विजापूरकडचा माणूस निघाला तर तुला मराठीतच उत्तर मिळण्याची पण शक्यता आहे. आणि त्यांच्याकडून पातळ कडक रोट्टीचा एक गठ्ठा घेऊन ठेव, आठवडे टिकते, सोलापुरी कडक भाकरीचीच बहीण ती. इमर्जन्सीला आमटीत चुरून बाबांना दे.

चुलीपासून_गॅसपर्यंत:
आणि गिरणीवाल्याला सांग ज्वारीवरच दळून दे. गव्हावर किंवा तांदळावर दळलं तर आधीचं पीठ त्यात येतं. दळण गरम येतं ते घरी आल्यावर पसरून गार करून मगच डब्यात भर, नाहीतर वाफ धरते.

बार्शीकर_बंगळुरात (सहा दिवसांनी):
अपडेट देतो. खानावळ सापडली, घरापासून दीड किलोमीटरवर, रोज ऑफिसला जाताना तिच्यासमोरून जात होतो. मालक विजापूरकडचे, मराठी उत्तम, बार्शी म्हटल्यावर आधी भगवंताच्या देवळाबद्दल विचारलं मग ज्वारीबद्दल. त्यांनी गिरणीचा पत्ता दिला आणि स्वतःच्या पोत्यातली तीन किलो ज्वारी पण दिली. गिरणीवाल्याला "ज्वारीवर" हे कन्नडमध्ये समजावताना माझी जी भाषा झाली ती इथे लिहीत नाही, पण हातवाऱ्यांनी काम झालं.

पहिल्या दिवशी गरम पाणी घातलं (जिंदाबाद). पहिली तुटली. दुसरी अख्खी तव्यावर गेली पण मी जास्त वेळ थांबलो, भेगा पडल्या. तिसऱ्या वेळेला आईने स्टुलावरून ओरडून सांगितलं, "आता! आता उलथ!" आणि मी उलथली. जाळावर धरली तर आधी एका कोपऱ्याला फुगवटा आला आणि मग तो सरकत सरकत सगळी भाकरी भरून गेला. बायको तांदूळ धुवायचे सोडून बघायला आली. आई म्हणाली "कड जाड राहिलीय".

बाबांनी पापुद्रा सोलून त्यात मेथीची भाजी भरली, खाल्ली, दुसरी मागितली. मग आईकडे बघून म्हणाले, "बाई बरी मिळाली. पगार किती ठरलाय?"

दोन_पायली:
फोटो नसेल तर झालीच नाही.

बार्शीकर_बंगळुरात:
फोटो काढायला हात पिठाचे होते हो. उद्या टाकतो. आता नवीन फर्माईश आलीय, भोगीला बाजरीची, तीळ लावून. बाजरी पण तिथेच दळू ना? आणि तीळ थापताना लावायचे की तव्यावर?

चुलीपासून_गॅसपर्यंत:
थापतानाच. वरून तीळ भुरभुरायचे आणि हलक्या हाताने दाबायचे, तव्यावर टाकलेस तर सगळे गळून जळतात. पण बाजरीचं जास्त दळू नको, दोन दिवसांचंच. तिच्यात तेल जास्त असतं, पीठ पडून राहिलं की कडू होतं. आणि ती ज्वारीपेक्षा लवकर तुटते, आधीच सांगून ठेवते.