बेडूक-सरडे ओळखायला फोटो पुरतात का, की नमुना गोळा करावाच लागतो?

रातपाळी:
मंडळी, मी झूऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन पावसाळे झाले, रात्री टॉर्च घेऊन बेडूक, पाली, साप जे दिसेल त्याचे फोटो काढतोय, सातशेच्या वर झालेत. पण ओळख पटवायला आयडेंटिफिकेशन की (जात ओळखायची प्रश्नांची यादी) उघडली की गाडी अडते, म्हणजे ते "असं असेल तर चार नंबरला जा, तसं असेल तर नऊला" वालं. ती विचारते मागच्या पायाच्या बोटांमधला पडदा कुठपर्यंत आहे, बोटांच्या टोकाला चकती आहे का, टाळूला दात आहेत का, आणि माझ्या फोटोत नुसती पाठ. पाठीच्या रंगाचा तर भरवसाच नाही, एकाच डबक्यात एकाच जातीचे तपकिरी, हिरवे, मधे पांढरी रेघ असलेले असे सगळे निघतात. सिनियर म्हणतात नमुन्याशिवाय वर्गीकरण होत नाही. खरं सांगू, मारायला जीव होत नाही. काय करू?

खवलेमोजणी:
जीव होत नाही ते चांगलंच आहे, तसंच राहू दे. ज्या जातींची नावं आधीच ठरलीयेत त्यातल्या बऱ्याचशा हातात धरून, मोजून, फोटो काढून सोडून देता येतात, पण रीतसर परवानगी हातात असली तरच पकडायचं, नुसतं मोजायचं असलं तरी. प्रत्येक प्राण्याचे ठरलेले फोटो घ्यायचे: पाठ, पोट, डोकं बाजूने, तळहात, तळपाय बोटं फाकवून, मांडीची आतली बाजू (बेडकांत तिथले रंग फार कामाचे असतात). सोबत स्केल ठेवा. लांबी नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंत घ्यायची, शेपूट वेगळी, कारण पाली-सरड्यांची शेपूट तुटून परत आलेली असू शकते आणि मग एकूण लांबीला काही अर्थच उरत नाही. नर बेडूक ओरडत असेल तर पकडायच्या आधी दोन मिनिटं आवाज रेकॉर्ड करा आणि हवेचं तापमान लिहा, कारण तापमानाप्रमाणे ओरडण्याचा वेग बदलतो. दिसायला डिट्टो असलेल्या दोन जाती कितीदा आवाजावरूनच वेगळ्या काढल्या गेल्यात.

सिनियरचंही खरं आहे, पण एका ठिकाणी. नवीन जातीचं वर्णन करायचं तर नाव ज्याला बांधायचं तो होलोटाइप, म्हणजे जपून ठेवलेला एक ठरावीक नमुना, लागतो, आणि पुढे कोणाला शंका आली तर तो परत तपासता यायला हवा. ते काम संस्थेच्या परवानगीखाली, अनुभवी माणसासोबत. तेव्हा क्रम विसरू नका: आधी जिवंतपणीच्या रंगांचे फोटो (अल्कोहोलमधे रंग उडतात), मग प्राण्याला त्रास न देता भूल देऊन मारणं, मग डीएनएसाठी यकृताचा किंवा मांडीचा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमधे, आणि त्यानंतरच फॉर्मॅलिन (शरीर टिकवायचं रसायन). फॉर्मॅलिन आधी लागलं की डीएनए पार खराब. बाजारातल्या फॉर्मॅलिनचा एक भाग आणि पाणी नऊ भाग, त्यात शरीर घट्ट झालं की धुऊन ७० टक्के इथेनॉलमधे.

आणि लेबल!! मी एका जुन्या संग्रहात काम केलंय, तिथे एका बरणीत अकरा सापसुरळ्या होत्या, चिठ्ठीवर फक्त वर्ष. जागा नाही, उंची नाही, कुणी पकडल्या ते नाही. अकरा जीव गेले आणि कोणाच्याच उपयोगाचे नाहीत, बरणी बघितली की अजून वाईट वाटतं. नंबर प्राण्यालाच बांधायचा, पेन्सिलने लिहून, साधी शाई अल्कोहोलमधे विरघळते.

सापवेळ:
सापांचं वेगळं सांगते. पोटाचे खवले मोजायला डाउलिंगची १९५१ ची पद्धत वापरा, ज्या खवल्याला दोन्ही बाजूंनी पाठीच्या खवल्यांची पहिली ओळ टेकते तिथून मोजणी सुरू, गुदद्वारावरचा मोजायचा नाही. पाठीच्या खवल्यांच्या ओळी मानेजवळ, मधे आणि गुदद्वाराच्या जरा आधी अशा तीनदा. हे सगळं बिनविषारी सापांवर किंवा टाकलेल्या कातीवर शिका, कातीवर खवले मस्त दिसतात.

विषारी असायची शंका असेल तर हातच लावायचा नाही. जोसेफ स्लोविन्स्की सापांवर आयुष्य घालवलेला माणूस, २००१ साली म्यानमारमधे मोहिमेवर असताना पिशवीतला साप बिनविषारी आहे असं समजून हात घातला आणि ती मण्यार निघाली. बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यांच्या पट्ट्यांनी भलेभले फसतात. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते, कवड्याच्या पाठीवर नसते, पण हे बघायचं लांबून, झूम करून.

डबकं_१२:
एक राहिलं, बेडकांना बुरशीचा रोग आहे, कायट्रिड. १९९९ मधे ती बुरशी पहिल्यांदा शास्त्रीय नावाने नोंदली गेली, आणि आपल्या बुटांवरून ती एका ओढ्यातून दुसऱ्यात जाऊ शकते. प्रत्येक बेडकाला नवा ग्लोव्ह, एका पिशवीत एकच बेडूक, बूट आणि जाळी जंतुनाशकाने धुऊन पूर्ण वाळवायची.

रातपाळी:
खूप आभार सगळ्यांचे. म्हणजे आधी गाइडकडे परवानगीचं विचारतो. जुन्या सातशे फोटोंचं काय, टाकून देऊ?

खवलेमोजणी:
अजिबात नको. तारीख, वेळ, जीपीएस आहे ना फोटोत? मग ती त्या जागेची नोंद आहे. ओळख जातीपर्यंत पोचत नसेल तर वंशापर्यंत (जातीच्या वरची पायरी) लिहून थांबा, ओढूनताणून जातीचं नाव लावू नका.