नागपूरहून नवेगावबांध : तलाव आणि सफारी एका दिवसात होईल का?

पळसफूल (नागपूर) :

नमस्कार. नोव्हेंबरच्या अखेरीस एखाद्या रविवारी पहाटे निघून रात्रीपर्यंत परत यायचे, असा गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधचा बेत आम्ही आखत आहोत. आम्ही दोघे, नववीतली मुलगी, सहावीतला मुलगा आणि सत्तरी ओलांडलेले सासरे अशी पाच माणसे आहोत. सासऱ्यांचे बालपण धानाच्या मुलखात गेले असल्यामुळे तलाव पाहण्याची ओढ मुळात त्यांची आहे. मुलाला वाघ पाहायचा आहे आणि मुलीला हल्ली पक्ष्यांचा नाद लागला आहे. माझी स्वतःची अपेक्षा एवढीच, की दिवसभर जिप्सीत बसून धूळ खाण्याऐवजी आम्हाला चार-पाच किलोमीटर तरी पायी हिंडता यावे, आणि जमल्यास मुलांना थोडी सायकलही चालवता यावी.

तलाव आणि जंगलातली सफारी ही दोन्ही एकाच दिवशी नीट होतील का, पायी कुठे फिरता येते व कुठे मनाई आहे, आणि सासऱ्यांना सोबत नेऊन हे सारे झेपेल का, याविषयी त्या भागातल्या जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

मोरगावकर (अर्जुनी मोरगाव) :

ताई, आमच्या भागात येत आहात याचा आनंद आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो : एकच दिवस हाती असेल तर तो तलावाला द्यावा आणि सफारीसाठी पुन्हा मुक्कामाने यावे. नागपूर ते नवेगावबांध हे अंतर सुमारे १४० किलोमीटर आहे. भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडून लाखनी, साकोली, सौंदड असे राष्ट्रीय महामार्ग ५३ ने कोहमाऱ्यापर्यंत यावे आणि तिथून उजवीकडे अर्जुनी मोरगावच्या रस्त्याला वळावे. चहापाण्याचा थांबा धरून तीन तास लागतात, म्हणजे जाण्या-येण्यातच सहा तास गेले. सकाळची सफारी गाठायची तर तुम्हाला पहाटे तीनच्या आधीच निघावे लागेल आणि मग दहा वाजता पेंगुळलेली मुले घेऊन तलावावर पोहोचाल, तोवर पाण्यावरची पाखरे मधोमध सरकलेली असतात.

पहाटे साडेचारला घर सोडलेत, तर आठच्या आत तुम्ही पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभे असाल. नोव्हेंबरअखेर त्या वेळी पाण्यावर धुके असते, आणि ढिवर मंडळी रात्री लावलेली जाळी काढून डोंग्यातून काठाकडे येत असतात. मुलीला पाळीवरून उथळ पाण्याकडे बघायला सांगा. कमळाच्या पानावर कमळपक्षी चालतो, तेव्हा त्याची लांब बोटे इतकी पसरलेली असतात की पान जेमतेम थरथरते, पण बुडत नाही. दुर्बिणीतून ती बोटे एकेक मोजता येतात. वारकरी, टिबुकली आणि जांभळी पाणकोंबडी काठालगत बाराही महिने दिसतात. हिवाळी पाहुण्यांपैकी तलवार बदक आणि लालसरी हे नोव्हेंबरअखेरीस येऊन स्थिरावलेले असतात, मात्र ते आत खोल पाण्यावर बसतात. त्यासाठी दुर्बीण हवीच, मोबाईलच्या कॅमेऱ्यावर भिस्त ठेवू नये.

पायी फिरण्याबाबत नियम सरळ आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, म्हणजे फाटकाच्या आत, पायी फिरायला परवानगी नाही. तिथे नोंदणी केलेले वाहन आणि मार्गदर्शक लागतोच. तलावाच्या पर्यटन संकुलाकडची बाजू, पाळ, बगीचा आणि टेकडीवरचा चढ हे सारे पायी करता येते, आणि तुमचे चार-पाच किलोमीटर तिथे सहज भरतात. गावकऱ्यांची एखादी पायवाट झाडीत शिरताना दिसली तरी तिच्या मागे जाऊ नये. अस्वल दिवसाढवळ्याही त्या झाडीत असते आणि ते अचानक समोर आले तर वाघापेक्षा जास्त धोक्याचे, हे इथला कोणीही सांगेल. दुसरी गोष्ट आग्या माश्यांची. मोठ्या झाडांवर आणि कड्यांवर त्यांची पोळी लोंबत असतात, तेव्हा अत्तर लावून येऊ नये आणि काठावर चूल-धूर करू नये.

दोन चाके (नागपूर) :

मोरगावकर दादांशी मी बहुतांशी सहमत आहे, पण सफारी अजिबात नको, हे मला पटत नाही. मुलाचा जीव वाघात अडकलेला असेल, तर दुपारची फेरी घेता येते. ती हिवाळ्यात साधारण तीनच्या सुमारास सुरू होते आणि सूर्य मावळताना संपते. तिथून निघून रात्री दहापर्यंत नागपूर गाठता येते. अट एवढीच, की सकाळचा सारा वेळ तलावावर आरामात घालवावा, दुपारी बारा ते दोन सर्वांनी, विशेषतः आजोबांनी, विश्रांती घ्यावी, आणि परतीला गाडी चालवणारा माणूस ताजातवाना असावा. सफारीचे आरक्षण वन विभागाच्या संकेतस्थळावरून आधीच करावे लागते आणि ज्यांची नावे नोंदवली त्यांची मूळ ओळखपत्रे फाटकावर दाखवावी लागतात. प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाचा साप्ताहिक सुट्टीचा वार वेगळा असतो, ताडोबाचा मंगळवार आहे. रविवारी तुम्हाला ती अडचण येणार नाही, पण रविवारच्या जागा लवकर भरतात.

मुलाला मात्र आधीच समजावून ठेवा. नवेगाव आणि नागझिरा मिळून २०१३ मध्ये राज्यातला पाचवा व्याघ्र प्रकल्प झाला, तरी इथे वाघांची दाटी ताडोबासारखी नाही, आणि म्हणूनच २०२३ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी भागातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. गवे, चितळ, रानडुक्कर, अस्वल, नशीब असेल तर रानकुत्र्यांची टोळी, अशी तयारी मनाशी ठेवली की फेरी फुकट गेली असे वाटत नाही. वाघ दिसला नाही म्हणून मार्गदर्शकावर चिडणारे पालक मी फाटकावर पाहिले आहेत. मुले ते शिकतात.

आता सायकलविषयी. गाडीच्या मागे रॅक लावून दोन सायकली नेता येत असतील, तर जरूर न्याव्यात. तिथे भाड्याने मिळतील या भरवशावर राहू नये. कोहमारा ते नवेगाव हा रस्ता मुलांनी सायकलवर करण्यासारखा नाही, कारण त्यावर ट्रकची आणि एसटीची वर्दळ असते. त्याऐवजी गावाच्या आसपासचे शेतातले डांबरी रस्ते निवडावेत. त्या सुमारास भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, धानाची कापणी-बांधणी सुरू असते, काही बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, कापलेल्या धानाच्या कडपा पसरलेल्या असतात, आणि रस्त्याच्या कडेला धान वाळत घातलेले असते, त्यावरून सायकल नेऊ नये, एवढे मुलांना सांगून ठेवावे. अकराच्या आत सायकल आटोपावी. नोव्हेंबर असला तरी आपल्याकडचे दुपारचे ऊन ऊनच असते.

उमरेडकर (उमरेड) :

सहा तास गाडीत घालवण्यापेक्षा रामटेकजवळचा खिंडसी तलाव किंवा वर्धा जिल्ह्यातले बोर धरण आणि त्याला लागून असलेला बोर व्याघ्र प्रकल्प का करत नाही? दोन्ही नागपूरपासून तास-दीड तासाच्या अंतरावर आहेत, खिंडसीला नौकाविहाराची सोय चांगली आहे, आणि आजोबांना त्रास कमी होईल.

पळसफूल (नागपूर) :

सर्वांचे मनापासून आभार. उमरेडकर, तुमची सूचना व्यवहाराची आहे आणि खिंडसी आम्ही अधूनमधून करतोच. पण या वेळी सासऱ्यांना नवेगावचाच तलाव पाहायचा आहे. ते म्हणतात की हा तलाव कोण्या इंजिनिअरने बांधलेला नाही आणि त्यांच्या लहानपणी त्याच्याविषयी घरात बरेच बोलले जायचे. मुलांना ती माहिती तिथे उभे राहून सांगता आली तर फिरण्याला अर्थ येईल. शिवाय दोन छोट्या शंका आहेत : नावेतून बेटावर जाता येते का, आणि मुलगी सारस दिसेल का म्हणून विचारते आहे.

लाखनीकर मास्तर (लाखनी) :

ताई, सासरेबुवांचे म्हणणे खरे आहे. हा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे मानले जाते. कोहळी समाजाची तलाव बांधण्यातली हातोटी सगळ्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, प्रसिद्ध आहे. आपल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत जे हजारो मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहेत, त्यांतले कितीतरी त्यांच्याच हातचे आहेत. सासरेबुवा नवेगावला भंडारा जिल्ह्यातले गाव म्हणत असतील तर मुलांनी त्यांना दुरुस्त करू नये; गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला, त्यांच्या लहानपणी तो भंडाराच होता.

पाळीवर उभे राहिल्यावर मुलांना आधी पाण्याकडे नव्हे, तर डोंगरांकडे बघायला सांगावे. सुमारे अकरा चौरस किलोमीटरचे हे पाणी अडवायला प्रचंड लांबीची भिंत बांधावी लागलेली नाही. भोवतीच्या टेकड्यांनीच बहुतेक काम केले असून, पाणी जिथून निसटले असते त्या दोन टेकड्यांमधल्या खिंडी तेवढ्या मातीच्या पाळीने बुजवल्या आहेत. कोणती खिंड बुजवली म्हणजे किती पाणी थांबेल, हे नकाशा आणि दुर्बीण-यंत्र हाताशी नसताना त्या माणसाने ओळखले, यातच त्याची खरी कसब आहे. लोकांनी पुढे या पाटलाला कोलासूर देव केले आणि टेकड्यांना सातबहिणी म्हटले. देवाचे ठाणे तिथेच आहे. सासरेबुवांना तिथवर अवश्य न्यावे.

पाळीची पाण्याकडची बाजू आणि शेताकडची बाजू यांत फरक दिसतो, तोही दाखवावा. पाण्याकडे लाटांच्या माऱ्याने माती खचू नये म्हणून दगड बसवलेले असतात, आणि दुसऱ्या अंगाला मुळांनी माती धरून ठेवणारी झाडे असतात. खाली उतरून नहर कुठून निघते ते पाहिले, की पाणी तलावातून बांधीपर्यंत कसे पोहोचते ते मुलांना न सांगता कळते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची मालकी, संपली आणि असे तलाव सरकारकडे आले. ते न्याय्यच झाले, पण गाळ काढणे, पाळ दुरुस्त करणे ही गावाने मिळून करायची कामे त्यानंतर कोणाचीच राहिली नाहीत, आणि लहान तलावांची त्यात फार हानी झाली. येता-जाता रस्त्यालगत जांभळट फुलांच्या बेशरम नावाच्या तणाने भरलेली तळी दिसतील, ती त्याचीच खूण आहे. अलीकडे याच भागातल्या ढिवर स्त्रियांनी काही तलावांतला बेशरम उपटून पाण्यातल्या मूळच्या वनस्पती पुन्हा लावल्या, त्यामुळे देशी मासे आणि मागोमाग पाखरेही परतली. हे काम मला कोणत्याही बगीच्यापेक्षा जास्त पाहण्याजोगे वाटते.

सारसाबाबत मुलीची निराशा होऊ नये म्हणून स्पष्ट सांगतो. महाराष्ट्रात सारस आज मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे हे खरे, पण त्याचा वावर गोंदिया शहराच्या बाजूच्या परसवाडा, झिलमिलीसारख्या तलावांवर आणि तिकडच्या धानाच्या बांध्यांत अधिक असतो. नवेगावला त्याच्यासाठी डोळे लावून बसू नये. त्याऐवजी डोक्यावर दोन काळ्या पट्ट्यांचे पट्टकादंब हंस शोधावेत. ते हिवाळ्यात हिमालय ओलांडून येतात. नवेगावच्या पुढे गोठणगावच्या बाजूला तिबेटी निर्वासितांची वसाहतही आहे, त्यामुळे तिकडून आलेली माणसे आणि तिकडून येणारी पाखरे या एकाच तालुक्यात भेटतात, याची मला नेहमी गंमत वाटते.

मोरगावकर (अर्जुनी मोरगाव) :

मास्तरांनी सांगितल्यावर तलावाविषयी भर घालण्यासारखे काही उरत नाही. नावेचे तेवढे सांगतो. तलावात मालडोंगरी नावाचे बेट आहे, पण नाव चालू असणे हे पाण्याची पातळी, वारा आणि त्या दिवशीची व्यवस्था यांवर अवलंबून असते, म्हणून सकाळी पोहोचताच चौकशी करावी. लाइफ जॅकेट पाचही जणांना अंगात घालायला मिळाल्याखेरीज बसू नये. इतक्या रुंद पाण्यावर दुपारनंतर वारा सुटला की लाटा चांगल्याच उठतात, त्यामुळे नावेचा बेत दहा-अकराच्या आतच उरकावा. पोहायला कोणी उतरू नये. पाळीजवळ पाणी एकदम खोल होते आणि पाणवनस्पतींत पाय गुंततात.

सासरेबुवांसाठी टेकडीचा चढ टाळावा. पाळीवरचा भाग सपाट आहे, तिथे ते हळूहळू चालू शकतात आणि सावलीत बसू शकतात. जेवणाचा डबा घरूनच आणावा, निदान पोळी-भाजी तरी. गावात जेवण मिळते, पण पाच माणसांसाठी सकाळीच सांगून ठेवावे लागते. लाखोरीच्या डाळीचे वरण आणि नव्या तांदळाचा भात मिळाला तर सासरेबुवा खूश होतील.

परतीचे एक राहिले. भाऊबीजेनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरतात आणि रात्री झाडीपट्टीची नाटके असतात, त्यामुळे नोव्हेंबरात संध्याकाळी गावांच्या रस्त्यांवर बैलबंड्या, मोटारसायकली आणि पायी माणसांची बरीच गर्दी असते. कोहमाऱ्यानंतर साकोलीपर्यंतचा महामार्ग नागझिरा आणि नवेगाव यांना जोडणाऱ्या जंगलपट्ट्यातून जातो, आणि जनावरे तो रात्री ओलांडतात. त्या टप्प्यावर गाडी कितीही चांगली असली तरी वेग साठच्या आत ठेवा, आणि दोन चाके यांच्या म्हणण्याप्रमाणे दुपारची सफारी घेणार असाल, तर रात्रीचा चहा साकोली गाठल्यावरच घ्या.