डोरोथीला मारायलाच हवं होतं का?

आळशी_वाचक

भाची नववीत आहे. सुट्टीत चार दिवस आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या सॅकमधून 'डोरोथी मस्ट डाय' नावाचं साडेचारशे पानांच्या घरातलं पुस्तक निघालं. डॅनिएल पेज या अमेरिकन लेखिकेचं, २०१४ सालचं. ती झोपली की मी वाचायचो. तीन रात्रींत संपवलं, त्यामुळे कंटाळा आला असं म्हणायची सोय नाही. पण चिडचिड झालीय, ती इथे ओततो.

मूळ गोष्ट बहुतेकांना ऐकून माहीत असेल. एल. फ्रँक बॉम यांचं 'द वंडरफुल विझार्ड ऑफ ओझ', १९००. कॅन्ससच्या माळरानावरची डोरोथी चक्रीवादळात घरासकट उडते आणि ओझ देशात पडते. मेंदू हवा असलेलं बुजगावणं, हृदय हवं असलेला पत्र्याचा लाकूडतोड्या, धीर हवा असलेला सिंह भेटतात. हे सगळं मागायला ते पाचूच्या शहरातल्या जादूगाराकडे जातात. शेवटी ती घरी परतते. पेजबाईंच्या पुस्तकात हीच डोरोथी ओझला परत येऊन बसलीय आणि अख्खा देश पिळून काढतेय. लाकूडतोड्या तिच्या फौजेचा सरदार, अंगालाच हत्यारं जडवलेला. बुजगावणं जिवंत प्राण्यांवर प्रयोग करतं. सिंह दुसऱ्यांची भीती खातो. चांगली चेटकीण ग्लिंडा जमिनीतून जादू उपसायला ओझमधल्या मंचकिन लोकांना राबवते. मग कॅन्ससचीच दुसरी मुलगी, एमी गम, वादळातून येऊन पडते आणि दुष्ट म्हणवणाऱ्या चेटकिणींची टोळी तिला डोरोथीच्या खुनासाठी तयार करते.

रक्तपाताची तक्रार नाही, चौदा-पंधरा वर्षांची मुलं याहून भयंकर पाहतात. तक्रार वेगळी आहे. बॉमच्या लाकूडतोड्याला हृदय नसतं, पण पायाखाली किडा मेला म्हणून तो इतका रडतो की जबडा गंजून बसतो. सगळी गंमत इथे आहे, जे मागायला निघालेत ते त्यांच्याकडे आधीपासून आहे. जादूगार देतो ते हृदय रेशमी कापडाचं, आत भुसा. पेजबाई ही भुशाची गंमत खरी धरून चालतात. हृदय मिळालं म्हणून क्रूर झाला, मेंदू मिळाला म्हणून पिसाळला. विनोद न कळलेल्या माणसाने त्याचा पुढचा भाग लिहावा तसं झालंय. बॉमने प्रस्तावनेतच म्हटलं होतं की यात परीकथेतलं नवल आणि आनंद ठेवलाय, मनस्ताप आणि दुःस्वप्नं वगळलीत. नेमकं वगळलेलं तेवढं वेचून बाईंनी परत भरलंय.

---

निळावंती

वगळलीत? कुठे? प्रस्तावना वाचून पुस्तक मिटलं होतं का तुम्ही?

पत्र्याचा लाकूडतोड्या पत्र्याचा झाला कसा, आठवतंय? त्याचं एका मंचकिन मुलीवर प्रेम असतं. ती ज्या म्हातारीकडे राहते, तिला मुलगी हातची जाऊ द्यायची नसते. म्हातारी पूर्वेच्या चेटकिणीला दोन मेंढ्या आणि एक गाय देते. चेटकीण त्याच्या कुऱ्हाडीवर मंत्र टाकते. कुऱ्हाड निसटते आणि एक पाय तुटतो. मग दुसरा. मग हात, मग डोकं, मग धड मधोमध. प्रत्येक वेळी पत्र्याचं काम करणारा नवा अवयव जोडून देतो. पोरगी परत मिळत नाही, कारण हृदय गेल्यावर त्याला तिचं काही वाटेनासं होतं. हे दुःस्वप्न नसेल तर मग काय असतं?

पुढे पश्चिमेची चेटकीण ४० लांडगे सोडते, तो चाळीसच्या चाळीस मुंडकी उडवतो. बुजगावणं ४० कावळ्यांच्या माना पिरगळतं. बाईंनी रक्त बाहेरून आणलेलं नाही, गोदामात पडलेलंच होतं.

---

शाळामास्तर

निळावंतीताई, मुद्दा मान्य आणि तरीही अमान्य. मी पाचवीच्या वर्गाला हे कुऱ्हाडीचं प्रकरण सांगितलंय, इंग्रजीतून मराठी करत करत. डोकं तुटतं तिथे पोरं हसली. बॉम सांगतो कसं, तर 'मग हात तुटला, मग पत्र्याचा बसवला', पाढे म्हटल्यासारखं. कळ नाही, किंकाळी नाही. आपल्या गोष्टीतली चिमणी कावळ्याला तापलेल्या तव्यावर बसवते, त्याचं बूड भाजतं, आणि दोन वर्षांचं पोर टाळ्या पिटतं. तीच गोष्ट कावळ्याच्या जळत्या कातडीच्या वासासकट लिहा, मग बघा.

गोष्टीत मरण आहे की नाही याला माझ्या लेखी महत्त्व नाही. तिथे किती वेळ उभं राहायचं, हे लेखक ठरवतो, आणि पेजबाई फार वेळ उभ्या राहतात. ओझमधली उडणारी माकडं डोरोथीच्या ताब्यातून सुटण्यासाठी स्वतःचे पंख कापून घेतात, हे मात्र मला आवडलं. तेवढ्या जागेत त्या बॉमच्या तोलाच्या झाल्यात.

---

कोरडा_विनोद

माझी तक्रार ग्राहक मंचात जाईल अशी आहे. पुस्तकाचं नाव 'डोरोथी मस्ट डाय'. साडेचारशे पानं. शेवटी डोरोथी जिवंत.

---

तिखटमीठ

@कोरडा_विनोद, पुढे अजून तीन आहेत, २०१७ पर्यंत चाललं. घाई काय?

---

आळशी_वाचक

त्यावरून आठवलं. डोरोथी बिघडली का, याचं धड उत्तर या पुस्तकात नाहीच. ते 'नो प्लेस लाइक ओझ' नावाच्या वेगळ्या छोट्या कादंबरीत आहे, ती २०१३ मध्येच आली होती. म्हणजे खून या पुस्तकात आणि कारण दुसऱ्या पाकिटात. १९९५ मध्ये ग्रेगरी मॅग्वायरने 'विकेड'मध्ये पश्चिमेच्या चेटकिणीची बाजू मांडली, तेव्हा ती बाजू उभी करायला त्याने तिचं जन्मापासूनचं आयुष्य लिहिलं. ते मोठ्यांसाठी होतं, सिनेमामुळे आता सगळ्यांना माहीत झालं. इथे खलनायिका आयती मिळते, वर आखूड फ्रॉक आणि लाल उंच टाचांचे बूट.

---

तिखटमीठ

बूट लाल नव्हतेच हो. बॉमच्या पुस्तकात ते चांदीचे. लाल केले १९३९ च्या सिनेमाने. म्हणजे पेजबाईंनी बॉमचं पुस्तक काळं केलं म्हणताय, तर त्यांची डोरोथी निम्मी सिनेमातून आलीय. कोणाच्या घरात शिरल्या त्या, आधी ठरवा.

आणि ते चांदीचे बूट, पिवळ्या विटांचा रस्ता म्हणजे त्या काळच्या अमेरिकेतलं चांदी-सोन्याच्या नाण्यांचं राजकारण, हे १९६४ मध्ये हेन्री लिटलफील्ड नावाच्या शिक्षकाने मांडलं होतं. कोणीतरी ते आणणारच, म्हणून मीच आणून टाकतो. त्यावर भांडू नये ही विनंती.

भांडायचं असेल तर यावर भांडा. प्रस्तावनेत 'मनस्ताप वगळला' म्हणणाऱ्या याच बॉमने दहा वर्षं आधी, साउथ डकोटातल्या अॅबरडीन गावी स्वतःचं साप्ताहिक चालवताना काय लिहिलं होतं? डिसेंबर १८९० मध्ये सू या मूळनिवासी जमातीचा नेता सिटिंग बुल मारला गेल्यावर, आणि जानेवारी १८९१ मध्ये अमेरिकन सैन्याने वुंडेड नी इथे केलेल्या सू लोकांच्या कत्तलीनंतर, असे दोन अग्रलेख. उरलेसुरले मूळनिवासी पूर्ण संपवून टाकावेत, असं त्यात उघड लिहिलंय. २००६ मध्ये त्याच्या वंशजांनी सू लोकांची माफी मागितली. आता पेजबाईंच्या ओझमध्ये राबवले जाणारे मंचकिन आठवा. चांगली म्हणवणारी ग्लिंडा त्यांच्या जमिनीतून जादू काढतेय. मला तरी ते उगाच घातलेलं वाटत नाही.

---

शाळामास्तर

अग्रलेख वाचलेत, ते भयानक आहेत, त्यावर दुमत नाही. पण पेजबाईंना ते मनात होते, हा शोध तुमचा. पुस्तकात तशी एक ओळ दाखवा. नाहीतर मीही म्हणेन की आमच्या भोपळ्यात बसलेल्या म्हातारीची गोष्ट वाहतूक खात्यावर आहे.

---

निळावंती

मास्तर, वाहतूक खात्यासाठी +१. पण बॉमच्या पुस्तकात ओळी आहेत, त्या घ्या.

डोरोथी जादूगाराकडे जाते आणि म्हणते, मला घरी पाठव. तो म्हणतो, आधी पश्चिमेच्या चेटकिणीला मार, मग पाठवतो. चौघांनाही वेगवेगळं बोलावून तो हेच सांगतो. ती बिचारी सांगते की मी मुद्दाम कधी काही मारलेलं नाही. तरी निघते. आता बघा: कॅन्ससची पोर, वादळातून येते, एक सत्ताधारी तिला दुसऱ्या सत्ताधाऱ्याचा खून करायला पाठवतो आणि पाठवणारा लबाड निघतो. एमी गम वेगळं काय करते? तेच. फरक इतकाच, की एमीला ट्रेनिंग मिळतं आणि तिला प्रश्न पडतो की मला वापरून घेतायत का. डोरोथीला तो पडला नव्हता. पेजबाईंचं पुस्तक भारी लिहिलंय असं मी म्हणणार नाही, एमी आणि त्या नॉक्सचं प्रेमप्रकरण मी पानं उलटत ओलांडलं. पण ही जागा त्यांनी बरोबर हेरली.

आणि पाचूच्या शहरात शिरताना प्रत्येकाच्या डोळ्यांवर हिरवा चष्मा चढवून मागे कुलूप लावतात, हेही बॉमचंच. सगळं हिरवं दिसतं ते त्यामुळे. हुकूमशाही पेजबाईंनी आणली म्हणताय?

---

गोदाकाठ

पहिल्यांदाच लिहितेय. आपण कर्णाच्या बाजूने लिहिलेलं 'मृत्युंजय' डोक्यावर घेतलं, 'युगान्त'मध्ये इरावतीबाईंनी भीष्मालाही सोडलं नाही, तेही घेतलं. मग एका अमेरिकन मुलीला खलनायिका केलं तर एवढं का लागावं?

---

आळशी_वाचक

लागतं, कारण भीष्म मोठा माणूस आहे, त्याने निर्णय घेतलेत, त्याला जाब विचारता येतो. डोरोथी लहान मूल आहे. इरावतीबाई महाभारतातलीच पानं उलटून भीष्माला उभं करतात. इथे तसं काहीच नाही, असं माझं म्हणणं होतं.

'होतं' म्हणतोय, कारण दरम्यान एक घडलं. मामाचा आग्रह म्हणून भाचीने मूळ ओझ वाचायला घेतलं. आणि तिला ते उलटं लागतंय. आम्ही बॉम आधी वाचला, म्हणून आम्हाला पेजबाईंची डोरोथी विपर्यास वाटते. तिने ही आधी वाचली, त्यामुळे ती प्रत्येक प्रकरणाला विचारते, "मामा, ही इथून बिघडते का?" मी म्हणायचो, नाही गं बाई, ही चांगलीच आहे.

पश्चिमेची चेटकीण मरते त्या प्रकरणाला काल भाची पोचली. चेटकीण डोरोथीचा एक बूट लांबवते, डोरोथी रागाने बादलीभर पाणी ओतते, चेटकीण विरघळते. इथपर्यंत सगळ्यांना आठवतं. भाचीने पुस्तक माझ्यापुढे धरलं आणि खालच्या ओळींवर बोट ठेवलं. डोरोथी आणखी एक बादली आणते, त्या घाणीवर ओतते, सगळं झाडून दाराबाहेर लोटते. मग त्यातून उरलेला बूट उचलते, फडक्याने पुसून कोरडा करते आणि पायात घालते.

"मामा, हिने झाडून काढलं तिला."

मी हे पान वाचलेलं आहे. दोनदा तरी. मला झाडू अजिबात आठवत नव्हता.

---

निळावंती

😐

---

कोरडा_विनोद

मग दुसरा भाग मागवलात की नाही?

---

आळशी_वाचक

मागवलाय. भाचीसाठी.