'बेसामे मूचो' हार्मोनियमवर: मूळ चाल घ्यावी की बीटल्सची?

प्रश्न: आर्वीकडच्या आमच्या भजनी मंडळाच्या पोरांना हे स्पॅनिश गाणं कोजागिरीला वाजवायचं आहे. पेटी, ढोलक अन् कॅसिओ आहे. कोणतं व्हर्जन धरावं?

उत्तर १: मूळच धरा भाऊ. मेक्सिकोच्या कोन्सुएलो वेलास्केस यांचा हा बोलेरो, म्हणजे संथ लयीचं प्रेमगीत. पांढरी दोनचा (डीचा) सा घ्या. कीरवाणी रागाच्या जवळ जातं: ग, ध कोमल, नी शुद्ध. पोरं हमखास नी कोमल लावतात, मग पंचमाच्या कॉर्डवरून (ए सेव्हन) 'सा'वर येताना ओढच राहत नाही. कॅसिओवर कॉर्ड धरा डी मायनर, जी मायनर, ए सेव्हन. ए सेव्हनमध्ये सी शार्पच दाबा, तोच शुद्ध नी.

उत्तर २: बीटल्स या इंग्लिश बँडचं ६ जून १९६२ चं ध्वनिमुद्रण १९९५ मध्ये बाहेर आलं. ते जलद आहे, शब्दही इंग्रजी. त्या लयीत स्पॅनिश शब्द कोंबले की अक्षरं तुटतात. ढोलकवर केहरवा ताल विलंबित (संथ) ठेवा, बायाँ (डावी बाजू) अगदी हलका. अन् उच्चार: जोर 'बे'वर, 'सा'वर नाही. इथंच गाणं बिघडते.

प्रश्नकर्ता: समजलं भाऊ. आधी नी पक्का करतो.