गळ टाकणारे कमी झाले, मग मासे का वाढले नाहीत?

डोहकाठी:
नदीवर गळ टाकायला मी जवळजवळ तीस वर्षं जातोय. आधी सुट्टीच्या दिवशी बरी जागा हवी तर उजाडायच्या आत पोचावं लागायचं, आता अख्ख्या काठावर मी आणि अजून एखादा म्हातारा, बस. नवीन पोरं दिसतच नाहीत. वाटलं होतं माणसं कमी झाली तर निदान मासे तरी वाढतील, पण चार चार तास बसून बोटाएवढं काहीतरी लागतं आणि तेही मी सोडून देतो. ज्या डोहात मोठे मासे हमखास असायचे तिथे आता नुसता गाळ. असं का झालं असेल?

वरचा_प्रवाह:
कारण मासे मुळात आपल्या गळामुळे कमी झालेच नव्हते, निदान बहुतेक नद्यांत तरी. बांध, वाळूउपसा, सांडपाणी आणि तापलेलं पाणी ही खरी कारणं. अंडी घालायला वर चढणारा मासा बांधाला अडला की त्याची पुढची पिढीच संपते, आणि गाळ बसला की गोट्यांमधली अंडी गुदमरतात. 10 अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण 11 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 25 अंशाला 8 च्या आसपास, म्हणजे उन्हाळ्यात पाणी दिसतं तेवढंच पण माशाला श्वास कमी. 2024 च्या लिव्हिंग प्लॅनेट इंडेक्समध्ये, म्हणजे जगभरातल्या प्राण्यांची संख्या किती वाढली-घटली ते दाखवणाऱ्या निर्देशांकात, गोड्या पाण्यातल्या स्थलांतर करणाऱ्या माशांची 1970 ते 2020 ची घट सरासरी 81 टक्के दिलीय (100 पैकी 81 मासे मेले असा अर्थ नाही, मोजणी होते त्या त्या ठिकाणच्या संख्येतली ती सरासरी घट आहे). उलट अमेरिकेत केनेबेक नदीवरचं एडवर्ड्स धरण 1999 मध्ये पाडलं आणि दीडशेहून जास्त वर्षं अडलेले मासे परत वर चढायला लागले. तिथे गळ कोणी बंद केला नव्हता, वाट मोकळी केली.

सोडूनदेणारा:
वरचा_प्रवाह बरोबर आहेत पण गळाचा हिशोब अगदी शून्य धरू नका. आपण नेहमी मोठा मासा घरी नेला, आणि बऱ्याच जातींत मोठी मादी म्हणजेच सगळ्यात जास्त अंडी देणारी. ती गेली की डोह बारक्या माशांवर येतो. आणि नुसतं सोडून दिलं म्हणजे झालं असंही नाही, पाणी कोमट असताना दमवून दमवून काढलेला मासा पोहत जातो आणि नंतर मरतो, आपल्याला कळतही नाही. उलटा काटा नसलेला गळ वापरा, हात ओले करा, शक्यतो पाण्यातच गळ काढा. भर उन्हाळ्यात दुपारी मी दांडी बाहेरच काढत नाही.

तिसरा_दगड:
मला माणसं कमी झाल्याचीच जास्त काळजी वाटते. बऱ्याच ठिकाणी लायसन्सच्या पैशातूनच पिल्लं सोडणं आणि माशांची मोजणी चालते. अमेरिकेत तर 1950 च्या कायद्याने मासेमारीच्या सामानावरचा कर राज्यांना माशांसाठी मिळतो आणि त्यातला मोठा वाटा लायसन्स किती जणांकडे आहे त्यावर ठरतो, म्हणजे गळवाले घटले की वाटा पण घटतो. आणि पैशाचं एक वेळ सोडा, काठावर नजर कोणाची राहिली? एकदा पहाटे आम्ही तिघांनी पाण्याला फेस आणि उलटे पडलेले मासे बघितले, लगेच बाटलीत पाणी भरून घेतलं, फोन केले. दुपारपर्यंत सगळं वाहून गेलं होतं, बाटली नसती तर कोणी विश्वासच ठेवला नसता. त्या पट्ट्यात आता आठवडाभर चिटपाखरू नसतं.

डोहकाठी:
हे मनाला लागलं. मी गेली काही वर्षं वहीत लिहितोय काय लागलं ते, ती वही कोणाच्या उपयोगाची आहे का?

वरचा_प्रवाह:
आहे ना, पण फक्त मासे लिहिले असतील तर अर्धवट आहे. किती तास बसलात ते लिहा, नाहीतर मासे घटले की बसणारे घटले तेच कळत नाही. जागा पण लिहा, कारण बांधाखाली मासे अडून गोळा होतात, तिथे तासाला छान लागतात आणि बाकी नदी रिकामी असते, नुसत्या त्या आकड्याने फसायला होतं. पाण्याचं तापमान जमलं तर घ्या. आणि ज्या दिवशी काहीच लागलं नाही तो दिवस सगळ्यात आधी लिहा, लोक नेमका तोच गाळतात.