पुस्तक उघडू न देणारे गणिताचे सर: घडवतात की गाळतात?

खडूधारी

माझं म्हणणं आधीच मांडतो, मग खुशाल हाणा. गणिताच्या मास्तराने प्रूफ फळ्यावर लिहून देणं म्हणजे पोरांच्या वाट्याचं काम स्वतः उरकून टाकणं. हा मोह ज्याने आयुष्यभर कटाक्षाने टाळला, त्या आर. एल. मूरएवढा मोठा गणितशिक्षक विसाव्या शतकात झाला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रॉबर्ट ली मूर (१८८२-१९७४), टोपॉलॉजीचा (आकार ताणले-वाकवले तरी न बदलणाऱ्या गुणांच्या गणिताचा) माणूस. १९२० पासून १९६९ पर्यंत ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात शिकवलं. शहाऐंशीव्या वर्षी सोडलं, तेही सक्तीने निवृत्त केलं म्हणून. पद्धत अशी: पहिल्या दिवशी व्याख्या आणि चार गृहीतकं द्यायची, मग नुसती थिअरमची विधानं. प्रूफ तुम्ही शोधायचं. पुस्तक बघायचं नाही, लायब्ररीत जायचं नाही, शेजारच्याला विचारायचं नाही. विषय आधीच वाचून आलेल्याला ते वर्गात घेतच नसत. फळ्याशी बोलावताना सगळ्यात कच्च्या वाटणाऱ्यापासून सुरुवात, त्याला नाही जमलं तर त्याच्या वरचा. या पद्धतीतून ५० पीएचडी बाहेर पडले. बिंग, वाइल्डर, मेरी एलन रूडिन असे पुढे नावाजलेले गणितज्ञ आहेत त्यांत.

आमच्या एमएस्सीला त्याच वळणाचे एक सर होते (नाव नको, विद्यापीठही नको). एक प्रसंग सांगतो. थिअरम नेहमीचंच: क्लोज्ड इंटरव्हलवरचं (दोन्ही टोकं धरून) कंटिन्युअस फंक्शन युनिफॉर्मली कंटिन्युअस असतं. (कंटिन्युअस म्हणजे एक्स जरासा हलवला तर उत्तरही जरासंच हलतं; युनिफॉर्मली म्हणजे एक्स किती हलवायचा ते माप सगळीकडे एकच चालतं.) वर्गातला हुशार गडी उठला आणि पाच ओळींत मोकळा झाला. एप्सिलॉन (उत्तरात चालेल एवढा फरक) दिला, प्रत्येक एक्सला एक डेल्टा (एक्स हलवायचं माप) मिळाला, त्यातला सगळ्यात लहान घेतला, झालं. खडू ठेवून हात झटकले. सर मागच्या बाकावर बसलेले. तिथूनच म्हणाले, "हेच प्रूफ वन बाय एक्सला लावा. शून्य ते एक, टोकं सोडून."

लावलं. जसंच्या तसं लागू पडलं. आणि वन बाय एक्स तर तिथे युनिफॉर्मली कंटिन्युअस नसतं, हे आदल्याच आठवड्यात आम्ही दाखवलेलं! म्हणजे कुठेतरी माती खाल्ली होती. कुठे, ते सर सांगेनात. तास संपला. पुढचा तासही एकमेकांची तोंडं बघण्यात गेला. मग एरवी हूं की चूं न करणारी एक मुलगी म्हणाली, "सर, अनंत डेल्टांमध्ये सगळ्यात लहान असेलच असं कुठाय? शून्याकडे सरकत गेले तर?" कॉम्पॅक्टनेस (अनंत डेल्टांऐवजी मोजक्यांवर भागवू देणारा गुण) हा शब्द तेव्हा आम्ही ऐकलाही नव्हता, पण तो कशासाठी लागतो हे त्या मिनिटाला कळलं. निळ्या चौकटीतल्या पीडीएफ नोट्समधून हे कळतं का? सांगा.

सेटनेटग्रस्त

लिहिलंय झकास. आता त्या वर्गातल्या बाकीच्यांचं काय झालं तेही सांगा की राव.

आमच्याकडेही असेच एक महाभाग होते. वर्गात निम्मी पोरं तालुक्याच्या कॉलेजातून बीएस्सी करून आलेली, मीही त्यांतलाच. प्रूफ म्हणजे पाठ करून पेपरात उतरवायची गोष्ट, एवढंच आम्हाला ठाऊक. सरांनी पहिल्याच तासाला विधान लिहिलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. आम्ही वहीत विधान उतरवलं आणि सरांकडे बघत बसलो. असे आठवडेच्या आठवडे. कुणी काही बोललं की "का?" आणि गप्प राहिलं की "विचार करा." अहो, विचार कसा करायचा हेच शिकायला आलोय ना आम्ही?

सत्र संपलं तेव्हा पाचपैकी दीड युनिट झालेलं. विद्यापीठाचा पेपर मात्र पाचही युनिटांवर. निम्मा वर्ग गारद, आणि वर सरांचा शेरा: "यांच्यात गणित नाहीच." शिष्यवृत्ती टिकवायला पास व्हावं लागतं हो. फळ्यावरचा साक्षात्कार परवडायला घरून पैसे यावे लागतात.

शेवटी मी पास झालो तो एका सीनियरच्या झेरॉक्स नोट्सवर. चौकटी नव्हत्या, पण सगळं होतं.

खडूधारी

सेटनेटग्रस्त, तुमचा राग रास्त आहे, पण तो चुकीच्या माणसावर निघतोय. पेपर बाहेरून येणार, युनिटं कुणीतरी तिसराच ठरवणार, हा परीक्षापद्धतीचा दोष. मूर स्वतःच शिकवायचे आणि स्वतःच जोखायचे. आणि तुमचे सर खिडकीबाहेर बघत होते, आमचे मागच्या बाकावरून एकेक ओळ ऐकत होते. गप्प बसणं आणि काम टाळणं यात फरक आहे.

अवलोकिता

इतकं सगळं लिहिलंत, पण मुद्द्याची गोष्ट गाळलीत. हे थोर गुरुजी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आपल्या वर्गात पाऊल ठेवू देत नसत. विद्यापीठाने दारं उघडल्यानंतरसुद्धा.

व्हिव्हियन मेलोन-मेझ यांचं वाचा. १९६१ मध्ये बेलर विद्यापीठाने त्या कृष्णवर्णीय म्हणून प्रवेश नाकारला, म्हणून त्या टेक्ससला आल्या. तिथे मूर यांच्या वर्गाचं दार बंद. शिकवण्याची सहायकी मिळाली नाही. बाकीची मंडळी गणिताच्या गप्पा ज्या कॉफीच्या दुकानात मारायची, तिथेही गोऱ्यांनाच प्रवेश. तरी १९६६ साली पीएचडी केली आणि ज्या बेलरने नाकारलं होतं तिथेच प्राध्यापक म्हणून रुजू झाल्या.

तेव्हा ते ५० पीएचडी मोजताना ज्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं त्यांचीही बेरीज करा. कच्च्यापासून सुरुवात करायचे म्हणे. कच्चा कोण हे ठरवायच्या आधीच चाळण लावून झालेली असायची.

दगडूशेठ

अवलोकिताताई, तो काळच तसा होता. टेक्ससमधला १८८२ चा जन्म. आजच्या चष्म्यातून बघितलं तर आपलेही निम्मे आजोबा बाद होतील. माणूस बाजूला ठेवून पद्धत बघू की.

अवलोकिता

काळ तसा होता हे उत्तर इथे चालत नाही, आणि त्याचा पुरावा मूर यांच्याच घरात आहे. त्यांचा पहिला पीएचडी विद्यार्थी जॉन क्लाइन. तो पुढे पेनसिल्व्हेनियात प्राध्यापक झाला. त्याच्या हाताखाली डडली वुडर्ड यांनी १९२८ मध्ये आणि विल्यम क्लेटर यांनी १९३३ मध्ये पीएचडी केली. गणितात पीएचडी मिळवणारे अमेरिकेतले दुसरे आणि तिसरे कृष्णवर्णीय. तोच काळ, तोच विषय, त्याच गुरूचा चेला. गुरूला जे १९६० नंतरही जमलं नाही ते चेल्याने १९२८ मध्ये केलं.

ऑस्टिनच्या गणिताच्या इमारतीला मूर यांचं नाव होतं, ते २०२० मध्ये काढलं. फार लवकर काढलं असं कुणी म्हणू नये.

आणि पद्धत वेगळी, माणूस वेगळा, हेही मला पटत नाही. पुस्तक नको, चर्चा नको, फक्त मी सांगेन त्या वाटेने या. वर्गातली सगळी सत्ता एका माणसाच्या हातात. अशा वर्गात कोण बसणार हेही त्यानेच ठरवलं, यात नवल ते काय?

डावाहात

आमचे सर उजव्या हाताने लिहायचे आणि डाव्या हाताने लगेच पुसत जायचे. प्रूफ आम्हालाच शोधावं लागायचं. ही मूर पद्धत आहे हे आज कळलं. धन्यवाद.

खडूधारी

डावाहात, हा हा.

अवलोकिता, वर्णद्वेषाचं समर्थन मी करणार नाही, कुणी करूही नये. क्लाइनची माहिती चोख आहे. पण तीच माझ्या बाजूची नाही का? क्लाइन घडला त्याच वर्गात. शिकला तो गणित, दुराग्रह नाही शिकला. म्हणजे पद्धत माणसापासून सुटी होऊ शकते!

मेरी एलन रूडिनचंही तेच. मूरनी तिला प्रवेशाच्या दिवशीच गाठलं, आणि १९४९ मध्ये ती पीएचडी होऊनच बाहेर पडली. डाउकर स्पेस (टोपॉलॉजीतली एक विचित्र रचना) असते की नाही हा प्रश्न १९५१ पासून लोंबकळत होता. १९७१ साली कुठलंही जास्तीचं गृहीतक न घेता ती बांधून दाखवली ती रूडिननेच. न सुटणाऱ्या प्रश्नासमोर न डगमगता बसायची ताकद मूरनी दिली, हे ती स्वतः सांगायची.

परदेशी_मास्तरीण

रूडिनचं नाव घेतलंत तर अर्धंच सांगू नका. त्याच बाईंनी हेही म्हटलंय की आपण फसवले गेलो असं वाटलं. हातात पीएचडी, पण एरवी लोक जे शिकतात ते काही शिकलेलंच नाही. अल्जिब्रा शून्य. पुस्तकच उघडायचं नाही म्हटल्यावर दुसरं काय होणार? मूर आपल्याला हवं तसं वळवतात याचीही त्यांना चीड होती. एकाच माणसाबद्दल ऋण आणि राग दोन्ही असू शकतात, त्यातलं एकच उचलून त्याची पताका करू नका.

मी इकडे अमेरिकेत एका छोट्या कॉलेजात शिकवते. मूर पद्धतीची सौम्य आवृत्ती इकडे बरीच चालते. तिला आता एन्क्वायरी बेस्ड म्हणतात. गटात बसायचं, एकमेकांना विचारायचं, अडलं तर शिक्षक बाकापाशी येऊन एखादा प्रश्न टाकून जातो. मूरनी जे निषिद्ध मानलं त्यातलं निम्मं इथे मुद्दाम करायला लावतात.

याचा फायदा होतो का? २०१४ साली कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी बऱ्याच वर्गांचा अभ्यास छापला. व्याख्यानाच्या वर्गांत मुलींना आपण मुलांपेक्षा कमी शिकलो असं वाटत होतं, एन्क्वायरीच्या वर्गांत ही तफावत गेली. ऐकून छान वाटतं. पण २०२० मध्ये अ‍ॅब्स्ट्रॅक्ट अल्जिब्राच्या वर्गांचा दुसरा अभ्यास आला. त्यात अशाच वर्गांत मुलांचे गुण मुलींपेक्षा वर गेलेले दिसले, नेहमीच्या वर्गांत तसा फरक नव्हता. गटात मोठ्याने बोलणाराच पुढे जातो, हे मीही रोज बघते. खडूधारींच्या वर्गातल्या त्या मुलीला तोंड उघडायला दोन तास लागले. ज्यांना दोन सत्रं लागतात त्यांचं काय?

दगडूशेठ

दोन्ही अभ्यास उलटसुलट निघाले म्हणजे पद्धतीचा संबंध नाही, मास्तर चांगला पाहिजे, झालं. श्रीराम अभ्यंकर बघा. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, झारिस्कींसारख्या मोठ्या गणितज्ञाचे विद्यार्थी, आणि सांगायचे काय तर हायस्कूलच्या अल्जिब्राला कमी लेखू नका. पुण्यात १९७६ साली भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था काढली त्यांनी.

परदेशी_मास्तरीण

"मास्तर चांगला पाहिजे" हे म्हणजे "पाऊस वेळेवर पाहिजे" म्हणण्यासारखं झालं. नसेल तेव्हा काय करायचं ते बोला.

तासिकावाली

मी बोलते. तासिका तत्त्वावर शिकवते, तेव्हा मानधन कधी येणार हा प्रश्न सोडून बाकी कशावरही बोलू शकते.

खडूधारी सर, मूरना वर्गात कोण बसणार हे ठरवता येत होतं. मला येत नाही. माझ्या वर्गात सेटनेटग्रस्त दादांसारखी मुलं असतात, एसटीने येतात, साडेबाराची गाडी चुकली की पुढची अडीचला. त्यांच्यापुढे नुसतं विधान टाकून मागच्या बाकावर बसले तर पुढच्या तासाला वर्ग रिकामा. आणि वर्ग रिकामा तर तासिका नाही, तासिका नाही तर मानधन नाही.

पण दादा, सगळं लिहून दिलं तरी भागत नाही हो. मागे एकाने कंटिन्युइटीचं प्रूफ अक्षर न चुकता लिहिलं, फक्त प्रश्न वेगळ्या फंक्शनचा होता. सगळं माझ्याच नोट्समधलं. ती उत्तरपत्रिका बघून मी ठरवलं की युनिटमधलं एक, फार तर दोन थिअरम तोडून द्यायची. मधल्या पायऱ्या वेगळ्या चिठ्ठ्यांवर, विस्कटून. एक चिठ्ठी मुद्दाम चुकीची, ती ओळखायची. खडूधारी सरांच्या गोष्टीतला "सगळ्यात लहान डेल्टा" ही माझी आवडती चुकीची चिठ्ठी आहे! फळ्याशी एकट्याला उभं करत नाही, दोघं दोघं जातात. एक बोलतो, एक लिहितो. मराठीत बोलायची मुभा. यानेच सगळ्यात जास्त फरक पडला असं मला वाटतं. "फॉर एव्हरी" आणि "देअर एक्झिस्ट्स" यांची अदलाबदल करणारी मुलं "प्रत्येकाला आपापला डेल्टा" आणि "सगळ्यांना मिळून एकच डेल्टा" यात मात्र गडबडत नाहीत. बाकीची युनिटं सरळ लिहून देते, कारण पेपर आहे.

सेटनेटग्रस्त

ताई, तुम्ही आम्हाला असता तर मी आज रिझनिंगचे क्लास घेत नसतो.

पण खडूधारींना एक विचारायचं राहिलंच. तुमच्या सरांच्या वर्गात पहिल्या दिवशी किती होते आणि त्या डेल्टाच्या दिवशी किती उरले होते?

खडूधारी

बरेच गळाले होते, हे खरं. पण जे गळाले ते दुसऱ्या सरांच्या वर्गात गेले, रस्त्यावर नाही आले. आणि सगळ्यांनी गणितज्ञ व्हावं असा आग्रह कुणाचा आहे? उरलेल्यांना अस्सल गणित मिळालं, एवढंच म्हणतोय.

अवलोकिता

म्हणजे शेवटी आलात त्याच चाळणीवर.

खडूधारी

चाळणी नसलेला एक तरी विषय दाखवा. असो. तासिकावाली, चिठ्ठ्यांची कल्पना मी ढापणार आहे. तुमच्याकडचा असाच एखादा प्रश्न इथे टाका, लोकांची परीक्षा होऊन जाऊ दे.

तासिकावाली

घ्या. फक्त एकाच बिंदूवर कंटिन्युअस, बाकी कुठेच नाही, असं फंक्शन असू शकतं का? चित्र काढायला जाऊ नका, फसाल.

दगडूशेठ

सोप्पंय. एक्स रॅशनल असेल तर

खडूधारी

दगडूशेठ, उत्तर इथे फोडू नका!! संपादक, वरचा प्रतिसाद उडवा.

सेटनेटग्रस्त

उडवू नका. शेठ, पुढचं लिहा. ज्यांना स्वतः शोधायचंय त्यांनी डोळे मिटून घ्यावेत, आम्हाला उद्या सकाळी सातची बॅच आहे.